गाडी बदलायची वेळ
(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



महिन्याभरापूर्वी संयोजन समितीचा फोन आला. "दुपारच्या सत्रात वीस मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव, पण कॉम्प्युटरवर नको." मी विचारलं, मग कशावर बोलू? उत्तर आलं, "अवं, तू इतकी विमानानं फिरून राह्यली, त्यातलं काही उपयोगाचं सांग. आमची पोरं आता बाहेर शिकायला चालली. आज ना उद्या आम्हालाही जावं लागन."

म्हणून मी एक छोटा विषय निवडला आहे. परदेशी जाताना दोन विमानांच्या मधे आठ-दहा तास विमानतळावर काढावे लागतात. त्याला लेओव्हर म्हणतात. त्या वेळाचं काय करायचं, एवढंच मी सांगणार आहे.

शब्द नवा असला तरी प्रकार आपल्याला नवा नाही. लहानपणी आपण त्याला 'गाडी बदलायची' असं म्हणायचो. माझं आजोळ नंदुरबारचं. जरीपटक्यातून सायकलरिक्षानं स्टेशनवर जायचं, नागपूरहून भुसावळ, आणि भुसावळला उतरून सुरतेकडे जाणारी गाडी पकडायची. मधे चार-पाच तास जायचे. बाबा वेटिंग रूममध्ये ट्रंकेवर पाय ठेवून पेपर वाचत बसत. आई मात्र एक मिनिट बसत नसे.

माझी आई तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. जरीपटक्याच्या बाजारात एका सिंधी काकांच्या साडीच्या दुकानाला लागून तिचा लहानसा गाळा होता. ब्लाउज शिवायचे, फॉल-पिको करायचं. आपल्या गॅदरिंगच्या कोळीनृत्याचे सगळे परकर तिनंच रात्री जागून शिवले होते. बाई, तुमचेही ब्लाउज तिच्याकडेच यायचे, हे मी इथं सगळ्यांसमोर सांगते आहे.

तर भुसावळला उतरलं की ती आधी चौकशीच्या खिडकीवर जायची. पुढची गाडी वेळेवर आहे का, किती नंबरवर येईल, हे दोनदा विचारायची. मग आम्हा दोघा भावंडांचे हात धरून बाहेर. केळी घ्यायची, बाजारातून एक चक्कर मारायची, कापडाच्या दुकानात शिरून दहा ताग्यांवर हात फिरवायची आणि काहीही न घेता निघायची. तिचा नियम एकच होता. गाडीच्या आधी एक तास स्टेशनात. त्यात तडजोड नाही. आमची गाडी एकदाही चुकली नाही, आणि मला आज नंदुरबारपेक्षा भुसावळ जास्त आठवतं.

आता 2018 सालाकडे येते. माझा भाऊ मँचेस्टरला असतो. आईला तिथं न्यायचं ठरलं. तिचं वय अडुसष्ट, पहिलाच परदेश प्रवास. नागपूरहून दोह्याला थेट विमान आहे हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही पहाटे निघालो, सकाळी दोह्याला उतरलो. पुढचं विमान दुपारी उशिरा. मधे जवळजवळ दहा तास होते.

दोह्याच्या हमद विमानतळावर मधोमध एक पिवळं अस्वल बसवलेलं आहे. उर्स फिशर नावाच्या स्विस कलाकाराचं शिल्प, तेवीस फूट उंच, आणि अस्वलाच्या डोक्यातून टेबललॅम्प बाहेर आलेला. आईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "इतकं मोठं अस्वल आणून ठेवलं बाप्पा, पण गाव काऊन नाही दिसून राह्यलं?" मग जरा वेळानं विचारलं, "बाहेर जाता येत नाही का वं?"

मी म्हटलं, "आई, व्हिसाची भानगड असते. उगाच रिस्क नको."

खरं सांगायचं तर मी काही पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी आमच्या ऑफिसात एक रिलीज होतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाणार होती आणि ती बिघडली तर मला हजर असायला हवं होतं. मी प्लगजवळची खुर्ची पकडली आणि लॅपटॉप उघडला. रिलीज नीट पार पडलं, माझी कुणाला गरज पडली नाही. आईनं पुन्हा विचारलं नाही. काचेतून बाहेर उन्हात उभी असलेली विमानं ती पाहत बसली. विमानात बसल्यावर मला म्हणाली, "त्या समोरच्या बाईच्या काळ्या झग्याच्या बाह्या पाह्यल्या काय तू? मशीनचं नव्हतं ते, हाताचं काम होतं." मी पाहिल्या नव्हत्या.

एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, आई गेली. त्या महिन्यात नागपुरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इथं बसलेल्या अनेकांच्या घरी तसंच झालं.

नंतर एकदा मी रात्री सहज शोधून पाहिलं. भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये उतरल्यावर प्रवेश देण्याची सोय ऑगस्ट 2017 मध्येच जाहीर झाली होती. तिच्या अटी होत्या, पण वाचायला दहा मिनिटं लागली असती. आयुष्यभर जिनं आम्हाला भुसावळ दाखवलं, तिला मी दहा तास काचेच्या आत बसवून ठेवलं. म्हणून आज हा विषय निवडला. ही चूक तुम्ही करू नका. जे पुढं सांगते ते कोरडं वाटलं तरी लिहून घ्या.

पहिलं म्हणजे, हे सगळं तिकीट काढतानाच पाहायचं. विमानतळावर पोचल्यावर उशीर झालेला असतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? असतील तर मोठं सामान बहुधा परस्पर पुढं जातं आणि तुमचे हात मोकळे राहतात. तिकिटं वेगवेगळी असतील तर सामान उतरवून घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरावंच लागतं. मग व्हिसा. फ्रँकफुर्टला किंवा पॅरिसला बाहेर पडायचं तर शेंगेन व्हिसा हवा. आखाती देशांचे नियम वेगळे, सिंगापूरचे वेगळे, आणि ते बदलत राहतात. मागच्या वर्षी शेजाऱ्याला जमलं म्हणून आपल्यालाही जमेल असं धरून चालू नका. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा आणि विमान कंपनीला विचारा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पासपोर्टची मुदत, असं काय काय मागतात ते तिथं लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे वजाबाकी. गणिताच्या सरांना हे आवडेल. जानेवारी 2023 मध्ये मी मँचेस्टरहून एकटी परत येत होते. दोह्यात तेरा तास होते. त्यातून इमिग्रेशनचा एक तास वजा केला. पुढच्या विमानाच्या आधी तीन तास विमानतळावर परत, तेही वजा. गावात जायला आणि यायला मिळून दीड तास. तेरातून साडेपाच गेले, उरले साडेसात. हे साडेसात तास माझे. आता तेराऐवजी सहा तास असते तर? सहातून साडेपाच गेले, उरला अर्धा तास. अर्ध्या तासासाठी बाहेर पडू नये, आतच पाय मोकळे करावेत. ही वजाबाकी कागदावर मांडली की भीती बरीचशी उतरते. 2018 मध्ये दहा तास होते. दहातून साडेपाच गेले तरी साडेचार उरत होते. भुसावळला आईला एवढेसुद्धा मिळत नसत.

तिसरं, घड्याळ. माझ्या धंद्यात टाइमझोननं आम्हाला फार रडवलं आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते. दोह्याचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं चालतं. नागपूरची वेळ तशीच ठेवली तर तुम्ही फार तर लवकर परताल. पण हिवाळ्यात इंग्लंडहून येताना तिथलं घड्याळ दोह्याच्या तीन तास मागं असतं. ते न बदलता फिरत राहिलात तर तुमच्या मते एक वाजलेला असेल आणि विमानतळावर चार. फोन आपोआप वेळ बदलतो म्हणतात, पण नेट बंद असेल तर त्याच्यावर विसंबू नका. उतरल्या उतरल्या भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं जुळवून घ्या.

तर त्या दिवशी मी बाहेर पडले. 2018 मध्ये दोह्यात मेट्रो नव्हती, ती 2019 मध्ये सुरू झाली. आता विमानतळावरूनच रेड लाइन निघते. म्शैरेबला गाडी बदलायची आणि गोल्ड लाइननं पुढचंच स्टेशन सूक वाकिफ. तिकीट दोन रियाल. सूक म्हणजे बाजार. वाकिफ हा दोह्याचा जुना बाजार, नंतर जुन्या धाटणीनं पुन्हा बांधून काढलेला. अरुंद गल्ल्या, मातीच्या रंगाच्या भिंती, मसाल्यांची पोती, आणि ससाणे विकणारी वेगळी गल्ली. तिथं ससाण्यांचा दवाखानासुद्धा आहे.

मला ससाण्यांपेक्षा कापडाची गल्ली गाठायची होती. तिथं बिश्त शिवणाऱ्यांची दुकानं आहेत. बिश्त म्हणजे अरब पुरुष मानाच्या प्रसंगी अंगावर घेतात तो पातळ झगा. तुम्ही तो पाहिला आहे. डिसेंबर 2022 मध्ये विश्वचषक जिंकल्यावर मेस्सीच्या खांद्यावर काळा, सोनेरी काठाचा झगा चढवला होता, तोच. त्याचा सोनेरी काठ जरीचा असतो. एका दुकानात एक कारागीर मांडी घालून बसला होता आणि गळ्याच्या पट्टीवर जरीचा टाका घालत होता. मी हिंदीत विचारलं, कुठले? तो उत्तर प्रदेशातला निघाला. मला विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, नागपूरची, जरीपटक्याची.

"जरी-पटका?" तो हसला. "ये तो हमारे काम का नाम है."

मित्रमैत्रिणींनो, दहा वर्षं आपण पत्त्यात हा शब्द लिहिला. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण, हे इतिहासाच्या बाईंनी सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात जरीपटका म्हणजे भाजीबाजार, दाल-पकवानची गाडी आणि शाळा एवढंच होतं. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. त्यांच्या दुकानांच्या रांगेत माझी मराठी आई मशीन चालवत होती. आणि हे सगळं एकत्र मला दिसलं ते दोह्याच्या बाजारात.

मी त्या कारागिराला विचारलं, बाह्यांवरचं कामही हातानंच करता? त्यानं एक बाही उलटी करून दाखवली. मागून टाका इतका स्वच्छ होता की आईनं त्यावर हात फिरवून किमान अर्धा तास काढला असता. मी पाच मिनिटं उभी राहिले. मग एका कोपऱ्यावर करक चहा घेतला. दाट, वेलदोड्याचा, आपल्या टपरीसारखाच.

तिथून समुद्राच्या काठानं चालत इस्लामी कला संग्रहालयात गेले. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर ते उभं आहे. आय. एम. पेई या वास्तुविशारदानं नव्वदीच्या उंबरठ्यावर ते केलं, 2008 मध्ये खुलं झालं. काम घेतल्यावर तो आधी इस्लामी वास्तुकला पाहत देशोदेशी फिरला, आणि कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या घुमटीनं त्याला वाट सापडली. आत मुघल काळातल्या भारतीय वस्तूही आहेत. मी सगळं संग्रहालय पाहिलं नाही, दोनच दालनं पाहिली. हाही नियम लिहून घ्या: एका लेओव्हरला एक जागा, फार तर दोन, आणि दोन्ही चालत जाता येतील अशा. पाच ठिकाणांची यादी केली की वेळ गाडीत जातो आणि जीव घड्याळात.

विमानतळावर परत पोचले तेव्हा साडेतीन तास हातात होते. अस्वल जागेवरच होतं.

आता सर आणि बाई, खास तुमच्यासाठी. तुमच्यापैकी बरेच जण मुलांकडे जाता-येता. व्हीलचेअर मागितली असेल तर बाहेर पडण्याआधी त्या माणसांना सांगा. परत आल्यावर ती कुठं मिळेल हे विचारून घ्या. औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि पुढचा बोर्डिंग पास अंगाजवळच्या पिशवीत असू द्या. बाकीचं जड सामान ठेवायला बहुतेक मोठ्या विमानतळांवर पैसे घेऊन जागा देतात. आखातात मे ते सप्टेंबर दुपारी बाहेर पडू नका. आपल्या नागपूरचा उन्हाळा काढलेला असला तरी तिथला दमटपणा वेगळाच. शुक्रवारी सकाळी तिथं पुष्कळसं बंद असतं. आणि शहर दाखवणारी छोटी सहल विमानतळावरूनच निघत असेल तर ती घ्या. सिंगापूरला अशी सहल लेओव्हरच्या प्रवाशांना फुकट असते, इस्तंबूलला तिथली विमान कंपनी आपल्या प्रवाशांना नेते. ती माणसं तुम्हाला वेळेत परत आणतात, त्यामुळं वजाबाकीही करावी लागत नाही.

आणि ज्यांचं लेओव्हर मुंबईत आहे त्यांना तर व्हिसाही नको. पूर्वी मुंबईच्या रहदारीला भिऊन आपण आठ-आठ तास टर्मिनलमध्ये बसायचो. आता टर्मिनल 2 पासून मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत जाते. वाटेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. 1888 मध्ये पुरी झालेली ती इमारत समोरच्या फुटपाथवरून नीट पाहा, एक वडापाव खा आणि परत या. दुपारच्या वेळी सहज जमतं.

शेवटचं आपल्या गावाबद्दल. मधेच थांबणं ही नागपूरचीच खासियत आहे, असं माझं मत आहे. 1949 पासून 1973 पर्यंत रात्रीची टपाल विमानं चालत होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं निघायची आणि मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. सुरुवातीची विमानं डकोटा होती, आणि त्यांतून प्रवासीही यायचे. म्हणजे देशभरच्या माणसांनी मध्यरात्री नागपुरात गाडी बदलली. त्यांतल्या कितीकांनी सोनेगावपलीकडचं नागपूर पाहिलं असेल?

आणि आपण तरी काय पाहिलं? शाळेत असताना सीताबर्डीला जाताना झिरो माइलच्या बाजूनं किती वेळा गेलो. तिथले चार घोडे आपल्याला माहीत आहेत, पण खांबावर कुठल्या कुठल्या गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत हे इथं कोण सांगेल? मी तरी गेल्या वर्षीपर्यंत सांगू शकले नसते. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला काय घडलं हे पुस्तकात पाठ केलं. इंदोऱ्याचे आपले निम्मे वर्गमित्र दर वर्षी तिथं जायचे. त्यांनी बोलावलं होतं तरी मी एकदाही गेले नाही. तिथला स्तूप मी पहिल्यांदा आतून पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, पुण्याच्या विमानाला पाच तास होते म्हणून.

आता माझं इथं घर नाही. आई गेल्यावर बाबा भावाकडे गेले, घर विकलं. तेव्हापासून नागपूर माझ्यासाठीही गाडी बदलायचं गाव झालं होतं. कामासाठी यायचं, हॉटेलात उतरायचं आणि विमान पकडून जायचं. पहिल्या दोन खेपांना मी जरीपटक्याकडे फिरकलेच नाही. गाळ्यावर दुसऱ्याची पाटी पाहवणार नाही असं वाटायचं. तिसऱ्या खेपेला वजाबाकी केली, अडीच तास उरत होते, आणि गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेजारचे सिंधी काका थकलेत, पण बसलेले होते. त्यांनी मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तेरी मम्मी का एक ब्लाउज मेरे पास पड़ा है।" कुणीतरी शिवायला टाकून न्यायला आलं नव्हतं. आई गाळा बंद करताना त्यांच्याकडे ठेवून गेली होती. हिरवा, खणाचा, बाहीला हातानं घातलेली जरीची पट्टी. आज मी तो सोबत आणला आहे. कुणाच्या आईचा असेल तर ओळखा आणि घेऊन जा. शिलाई दिलेली नाही, पण ती माफ.

तर आता कामाचं. समितीला विचारून मी पाहिलं आहे. उद्या तुमच्यापैकी अकरा जणांची विमानं आणि गाड्या संध्याकाळी सातनंतर आहेत. दुपारी बारानंतर तुम्ही हॉटेलच्या लॉबीत बसून फोन पाहत राहणार. त्याऐवजी साडेबाराला इंदोरा चौक मेट्रो स्टेशनवर या. आपल्या वेळी ही मेट्रो नव्हती, डिसेंबर 2022 पासून इथून सरळ विमानतळाच्या बाजूपर्यंत जाते. आधी जरीपटक्याच्या बाजारात दाल-पकवान खाऊ. मग मेट्रोत बसू. वाटेत गड्डीगोदामला रेल्वे, रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रो कशी एकावर एक रचली आहे ते खिडकीतून पाहा. झिरो माइलला उतरून तो खांब वाचू. वेळ उरला तर दीक्षाभूमी. टर्मिनल मेट्रोच्या एअरपोर्ट स्टेशनला लागून नाही, तिथून रिक्षा करावी लागते, तेवढी वेळ मी धरली आहे. बाई, तुमची गाडी रात्री साडेआठची आहे, तुम्हीही या. तुमची पिशवी मी धरीन.

सामान कमी ठेवा. आणि गाडीच्या आधी एक तास स्टेशनात. त्यात तडजोड नाही.